गोठलेल्या सरोवरावरची मासेमारी

हिवाळ्यात महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाकाठी दवबिंदू गोठले की वर्तमानपत्रांत त्याचे छायाचित्र छापून येते. महाराष्ट्रातील थंडीची मजल साधारणपणे तेवढीच. आख्खा तलाव गोठतो आणि त्यावरून माणसे चालत जातात, ही गोष्ट आपण ऐकायची आणि चित्रात पाहायची. अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यात मात्र हिवाळ्यात सरोवरांवर गावेच्या गावे वसतात. तेथे मिल लॅक्स नावाचे एक सरोवर आहे. विस्तार ५०० चौरस किलोमीटरांहून अधिक, पण सर्वांत खोल ठिकाणी पाणी अवघे १३ मीटरांच्या आसपास. थंडी मुरली की त्याच्या पाठीवर लाकडी खोपटी आणि तंबू उभे राहतात, मोटारी ये-जा करू लागतात. प्रत्येक खोपटाच्या तळाला भोक, त्याच्या खाली बर्फाला भोक आणि त्या भोकात सोडलेला गळ! फिनलंडमध्येही हा छंद घरोघरी आहे. आखूड काठीने बर्फातून गळ टाकण्यास तेथे, काही अपवाद सोडले तर, परवानाही लागत नाही. तो सर्वांचा हक्क मानलेला आहे.

अशा मासेमारीला प्रथमच निघालेल्या माणसाने बरोबर काय घ्यावे? दुकानदार त्याला आधी काठ्या आणि रंगीबेरंगी आमिषे दाखवील. परंतु जुना जाणता मच्छीमार त्याच्या हातात आधी एक लोखंडी पहार देईल, आणि माझ्या मते तोच बरोबर आहे. ही पहार मासे धरण्यासाठी नसते. पायाखालचा बर्फ आपल्याला पेलणार की नाही, हे त्या पहारीला विचारायचे असते. २९ डिसेंबर २०२३ रोजी मिनेसोटातीलच अप्पर रेड लेक या सरोवरावर बर्फाचा एक प्रचंड तुकडा किनाऱ्यापासून सुटा झाला आणि त्यावरील शंभराहून अधिक मच्छीमार पाण्यात तरंगत अडकून पडले. बचाव पथकांनी त्या सर्वांना सुखरूप बाहेर काढले. बर्फ कसा तयार होतो, किती जाड होतो आणि भार कसा झेलतो हे आधी समजून घेऊ. मग हत्यारे आपोआप समजतील.

खाली पाणी कसे उरते?

पाण्याच्या असंगत आचरणाचा पाठ आणि होपच्या उपकरणाची आकृती तुम्हांला आठवत असेल. पाण्याची घनता ४ अंश सेल्सियसला सर्वांत अधिक असते. शरद ऋतूत सरोवराच्या पृष्ठभागावरील पाणी थंड झाले की जड होऊन खाली बसते, खालचे वर येते आणि तेही थंड होते. ही घुसळण सर्व पाणी ४ अंशांवर येईपर्यंत चालते. यापुढे पृष्ठभाग आणखी थंड झाला तर तेथील पाणी हलके होते, त्यामुळे ते वरच राहते आणि वरच गोठते. बर्फाची घनता तर आणखी कमी, दर घन सेंटिमीटरला ०.९१७ ग्रॅम. म्हणून तो वर तरंगतो. बाहेरची हवा शून्याखाली २० अंश असली तरी तळाशी पाणी ४ अंशांच्या जवळपास राहते. उन्हाळ्यात तळ थंड आणि वरचे पाणी उबदार असते. हिवाळ्यात सरोवर असे उलटे झालेले असते. मासे जिवंत राहतात ते याच उलटापालटीमुळे.

आता थराची जाडी. एक ग्रॅम पाणी गोठताना सुमारे ८० कॅलरी अप्रकट उष्णता बाहेर टाकते. ही उष्णता हवेत जायला एकच वाट असते, ती म्हणजे आधी तयार झालेल्या बर्फातून वर. थर जाड होत जातो तशी ही वाट लांबते आणि नवा बर्फ धरण्याचा वेग मंदावतो. बर्फ जणू स्वतःच सरोवराचे पांघरूण बनतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ऑस्ट्रियातील भौतिकीविद योसेफ स्टेफान यांनी याचे गणित मांडले. (प्रारणाच्या चतुर्घात नियमातले स्टेफान ते हेच.) त्यांच्या समीकरणात बर्फाची उष्णतावाहकता, घनता आणि अप्रकट उष्णता घातली की एक सुटसुटीत सूत्र मिळते. हवेचे तापमान शून्याखाली किती अंश आहे आणि तसे किती दिवस राहिले, यांचा गुणाकार करा. त्याचे वर्गमूळ काढून ३.५ ने गुणा. आलेले उत्तर म्हणजे सेंटिमीटरांत जाडी.

हवा शून्याखाली १० अंश असेल तर एका दिवसात १० चे वर्गमूळ ३.१६, म्हणजे जाडी ११ सें. मी. भरते. चार दिवसांनी ती चौपट न होता फक्त दुप्पट, २२ सें. मी. होते. नऊ दिवसांनी तिप्पट, ३३ सें. मी.

पण थांबा, या आकड्यांवर विसंबून कोणी बर्फावर पाऊल टाकू नये! सूत्रात आपण असे धरले आहे की बर्फाचा वरचा पृष्ठभाग हवेइतकाच थंड आहे आणि त्यावर काहीच साचलेले नाही. प्रत्यक्षात त्यावर हिम पडते. (येथे आकाशातून भुरभुरत पडते ते हिम आणि पाणी गोठून होतो तो बर्फ, असा फरक मी करतो आहे.) ताज्या हिमात हवा कोंडलेली असते आणि त्याची उष्णतावाहकता बर्फाच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी असते. हिमाची दुलई पडली की खालच्या बर्फाची वाढ जवळजवळ खुंटते. प्रत्यक्षातील जाडी पुष्कळदा सूत्राच्या निम्मीच भरते. शिवाय जेथे ओढा सरोवराला मिळतो, जेथे तळाशी झरे आहेत किंवा जेथे पुलाखालून प्रवाह वाहतो, तेथे पाणी सतत हलत असते आणि बर्फ पातळ राहतो. एकाच सरोवरावर येथे ३० सें. मी. आणि पन्नास पावलांवर ५ सें. मी. असेही असू शकते.

बर्फ माणसाला का पेलतो?

हा प्रश्न मी वर्गात विचारतो तेव्हा बहुतेक मुले चटकन सांगतात, "बर्फ तरंगतो म्हणून." हिशेब करून पाहू. १ घनमीटर बर्फाचे वस्तुमान ९१७ किलोग्रॅम आणि तेवढ्याच पाण्याचे १००० किलोग्रॅम. म्हणजे १ घनमीटर बर्फ पूर्ण बुडेपर्यंत ८३ किलोग्रॅमचा जादा भार उचलू शकतो. आता १० सें. मी. जाडीचा, एक मीटर लांब व एक मीटर रुंद तुकडा घ्या. त्याचे घनफळ ०.१ घनमीटर, म्हणून तो जेमतेम ८.३ किलोग्रॅम उचलेल. एवढ्याशा तुकड्यावर तुमच्या दप्तराची सोय होईल, तुमची होणार नाही. ६० किलोग्रॅमच्या माणसाला अशी सात चौरस मीटरांहून मोठी लादी लागेल, आणि तीही पाण्याच्या पातळीला टेकेल.

तरीही अखंड थरावर माणूस खुशाल उभा राहतो. याचे कारण थर वाकतो. उभ्या माणसाखाली बर्फाला उथळ बशीसारखा आकार येतो. १० सें. मी. जाडीच्या बर्फात या बशीची खोली मिलिमीटरभरच असते, पण पसारा चोहोबाजूंना कित्येक मीटर असतो. तेवढ्या सगळ्या क्षेत्राखालचे पाणी वर रेटा देते. एका माणसाचा भार उचलायला थर जणू लांबलांबचे पाणी मदतीला बोलावतो. मात्र त्यासाठी थर अखंड हवा. मध्ये भेग असेल तर मदत भेगेपाशीच थांबते. म्हणून मोठ्या भेगेच्या किंवा उघड्या पाण्याच्या काठाशी तोच बर्फ बराच कमी भार सोसतो.

वाकताना वरचा पृष्ठभाग दाबला जातो आणि खालचा ताणला जातो. बर्फ दाब बऱ्यापैकी सहन करतो, ताण मात्र फारसा नाही. म्हणून माणसाखालचा तडा आधी खालच्या बाजूने, डोळ्यांना न दिसता सुरू होतो. घराच्या स्लॅबमध्ये लोखंडी सळ्या खालच्या अंगाला का घालतात, याचे उत्तरही हेच आहे. बर्फात सळ्या नसतात!

कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेतील लॉर्न गोल्ड यांनी बर्फावरून गेलेल्या वाहनांच्या नोंदी अभ्यासून १९७१ मध्ये एक साधा नियम सुचवला. सेंटिमीटरांतील जाडीचा वर्ग करून त्याला सुमारे ३.५ ने गुणले की चांगल्या बर्फावर किती किलोग्रॅम भार नेता येईल ते कळते. १० सें. मी. साठी ३५० किलोग्रॅम, २० सें. मी. साठी १४०० किलोग्रॅम. जाडी दुप्पट केली की क्षमता चौपट. आणि उलट, जाडी निम्मी झाली की क्षमता पावपट. म्हणून १० सें. मी. वरून ५ सें. मी. वर जाणे हा 'थोडासा' फरक नव्हे. मिनेसोटाच्या निसर्गसंपदा खात्याचा सल्लाही या गणिताशी जुळतो. १० सें. मी. पेक्षा (त्यांच्या मापात ४ इंच) कमी जाडीवर पाऊल ठेवू नये. हिमावर चालणाऱ्या स्कूटरला ५ ते ७ इंच हवेत आणि लहान मोटारीला ९ ते १० इंच. आणि हे आकडे नव्या, पारदर्शक बर्फाचे आहेत. असा बर्फ खालच्या पाण्याच्या गडदपणामुळे काळसर दिसतो. हिम भिजून गोठल्याने होणारा पांढरा बर्फ हवेच्या बुडबुड्यांनी भरलेला असतो आणि त्याची ताकद साधारण निम्मीच धरतात. म्हणून त्याची जाडी दुप्पट हवी. पांढरा थर दिसायला भक्कम वाटतो, त्यामुळेच नवखा माणूस फसतो.

मोटारीच्या बाबतीत आणखी एक गंमत आहे. मोटार चालली की तिच्याखालची 'बशी' तिच्याबरोबर सरकते आणि खालच्या पाण्यात लाट उठते. मोटारीचा वेग त्या लाटेच्या वेगाशी जुळला तर बर्फ खूपच अधिक वाकतो आणि फुटू शकतो. दुसऱ्या महायुद्धात लेनिनग्राडला वेढा पडला असताना, नोव्हेंबर १९४१ पासून लडोगा सरोवराच्या बर्फावरून मालमोटारींनी शहराला धान्य पोहोचवले. तेव्हा हा धोका शास्त्रज्ञांना मोजमापे घेऊन अभ्यासावा लागला. आजही बर्फावर मोटारी सावकाश आणि एकमेकींपासून दूर चालवतात.

हत्यारे

आता पहारीकडे वळू. सुमारे दीड मीटर लांब, टोकाला छिन्नीसारखी धार. काठावरून निघाल्यापासून प्रत्येक दोन-चार पावलांना ती समोर जोराने आपटायची. एका घावात ती आरपार गेली तर आल्या पावली मागे फिरायचे. घट्ट, टणक आवाज आला तर पुढे जायचे आणि मधून मधून भोक पाडून जाडी पट्टीने मोजायची.

भोक पाडायला गिरमिट असते. सुताराच्या गिरमिटाचाच हा थोरला भाऊ. दांड्याला मळसूत्रासारखे पाते, खाली दोन धारदार सुऱ्या आणि वर फिरवायला वाकडी मूठ. हल्ली बॅटरीवर चालणारीही मिळतात. नवख्याला वाटते की भोक मोठे तेवढे बरे. पण २० सें. मी. व्यासाचे भोक ४० सें. मी. जाड बर्फात पाडायचे तर सुमारे साडेअकरा किलोग्रॅम बर्फाचा भुगा काढावा लागतो, आणि १५ सें. मी. व्यासाला फक्त साडेसहा. व्यासाचा वर्ग येथे हाताला चांगलाच जाणवतो. भाजीपुरते मासे हवे असतील तर लहान भोक पुरते. भुगा काढायला आणि भोकावर पुन्हा पुन्हा धरणारी बर्फाची साय दूर करायला झारा लागतो, आपल्या स्वयंपाकघरात भजी तळायला असतो तसाच.

याखेरीज गळ्यात दोरीने अडकवलेल्या दोन टोकदार खिळ्यांच्या मुठी, बुटांखाली बांधायचे काटे, बसायला बादली, सामान ओढायला घसरगाडी आणि लोकरीचे कपडे. सुती कपडा भिजला की त्यातील हवेची जागा पाणी घेते आणि ऊब जाते. तंबूत गॅसची शेगडी पेटवणार असाल तर हवेला वाट ठेवलीच पाहिजे. ज्वलन अपुरे झाले की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि रक्तातील हीमोग्लोबिनशी तो ऑक्सिजनपेक्षा कितीतरी घट्ट जोडला जातो. बर्फ भक्कम असूनही माणसे या वायूने दगावतात.

त्या खिळ्यांच्या मुठींचे काम काय? बर्फ फुटून माणूस पाण्यात पडलाच तर काठावर धरायला काहीच नसते, ओला हात सुळकन निसटतो. अशा वेळी ज्या बाजूने आलो त्या बाजूला तोंड करायचे, कारण तिकडच्या बर्फाने आपल्याला एकदा पेललेले असते. मग मुठींचे खिळे बर्फात रोवून, पाय झाडत अंग वर ओढायचे. वर आल्यावर उभे राहायचे नाही. गडबडा लोळत दूर जायचे, म्हणजे भार मोठ्या क्षेत्रावर वाटला जातो. कॅनडातील मॅनिटोबा विद्यापीठाचे प्रा. गॉर्डन गीसब्रेख्ट यांनी थंडगार पाण्यात उतरून या विषयावर प्रयोग केले आहेत. त्यांचा हिशेब असा : पहिले एक मिनिट श्वास ताब्यात आणायचा, पुढची सुमारे दहा मिनिटे हातपाय कामाचे राहतात, आणि शुद्ध हरपायला साधारण एक तास लागतो. घाबरून पहिल्या मिनिटात धडपड करणारा माणूस पुढची दहा मिनिटे वाया घालवतो.

गळ टाकल्यावर

काठी हातभर लांब असली तरी पुरे, कारण गळ दूर फेकायचा नसतो, पायांशीच सोडायचा असतो. तंगूस बारीक घ्यावा. आधी वजन सोडून तळ किती खोल आहे ते पाहायचे आणि आमिष तळापासून वीतभर-हातभर वर ठेवायचे. माशांचे शरीर पाण्याइतकेच थंड असते, त्यांचे पचन आणि हालचाल मंदावलेली असते. म्हणून आमिष लहान हवे आणि ते सावकाश हलवायचे : वीतभर वर उचला, सोडून द्या, थांबा. बहुतेक वेळा मासा थांबलेल्या आमिषालाच तोंड लावतो. यलो पर्चसारखा लहान मासा तर इतका हलकेच ओढतो की काठीच्या शेंड्याकडेच डोळे लावून बसावे लागते. गळाला जोडलेले वजन पूर्वी शिशाचे असे. शिसे पाणपक्ष्यांना विषारी ठरते म्हणून आता टंगस्टन वापरू लागले आहेत. त्याची घनता १९.३, शिशाची ११.३. तेवढ्याच वजनाचा टंगस्टनचा मणी शिशाच्या मण्याच्या जेमतेम साठ टक्के आकाराचा होतो आणि पाण्याचा विरोध कमी झाल्याने लवकर बुडतो.

ओजिब्वे आदिवासींची जुनी पद्धत याहून वेगळी आहे. ते बर्फावर अंधारी खोली करून त्यात बसतात, भोकातून लाकडी बनावट मासा पाण्यात नाचवतात आणि पाइक मासा जवळ आला की भाला मारतात. अंधारी खोली कशासाठी? उघड्यावर पाण्याच्या पृष्ठभागावरून परावर्तित झालेला आकाशाचा प्रकाश डोळ्यांत जातो आणि खालचे दिसत नाही. खोलीत तो प्रकाश नसतो. सभोवतालच्या बर्फातून झिरपून पाण्यात उतरलेला प्रकाश मात्र असतो. त्यामुळे भोक खिडकीसारखे उजळून दिसते. प्रकाशाचा धडा शिकवताना शिक्षकांना हे उदाहरण उपयोगी पडेल.

आधुनिक मच्छीमार ध्वनीची मदत घेतात. भोकात सोडलेला एक चकतीवजा भाग श्राव्यातीत ध्वनीचा ठोका खाली पाठवतो आणि प्रतिध्वनी टिपतो. एवढ्या थंड पाण्यात ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे १४२० मीटर असतो. प्रतिध्वनी एक शतांश सेकंदात परतला तर खोली किती? जाणे-येणे मिळून १४.२ मीटर, म्हणून खोली ७.१ मीटर. मासा दिसतो तो मुख्यतः त्याच्या पोटातील वाताशयामुळे. मासाचे गुणधर्म पाण्याच्या जवळचे, त्यावरून ध्वनी फारसा परतत नाही; हवेच्या पिशवीवरून मात्र जोरात परततो.

हाच वाताशय माशाच्या जिवावर उठतो, आणि येथे बॉइलचा नियम लागू पडतो. दर १० मीटर खोलीला सुमारे एक वातावरण दाब वाढतो. १० मीटरांवर दाब दोन वातावरणांइतका. तेथून मासा झरकन वर ओढला की दाब निम्मा होतो आणि वाताशयातील वायू दुप्पट जागा मागतो. आपल्या रोहू-कटल्याच्या कुळात वाताशयापासून घशापर्यंत नळी असते, तिच्यातून वायू निसटू शकतो. पर्च आणि वॉलआय यांना ती नसते. त्यांचा वाताशय फुगतो, आतडी दाबली जातात, कधी जठर तोंडातून बाहेर येते. असा मासा पाण्यात परत सोडला तरी बहुधा जगत नाही. म्हणून मासे धरून सोडून देण्याचा ज्यांना शौक आहे, त्यांनी उथळ जागाच निवडावी. आठ-नऊ मीटरांच्या खालून काढलेला मासा घरी न्यावा आणि परवान्यातली संख्या भरली की गळ गुंडाळावा.

उठताना एक काम राहते. शून्याखाली १० अंशांच्या रात्री १२ तासांत भोकावर किती बर्फ धरेल? १० गुणिले अर्धा दिवस म्हणजे ५. त्याचे वर्गमूळ २.२४, गुणिले ३.५, म्हणजे पावणेआठ सेंटिमीटर. तेही सूत्राप्रमाणे, प्रत्यक्षात कदाचित चारच. वर हिम भुरभुरले की भोक दिसतही नाही, आणि सकाळी कोणाचा तरी पाय त्यात जातो. यासाठी भोकाशेजारी हिमाचा ढीग करतात किंवा झाडाची एखादी डहाळी उभी रोवून ठेवतात.